समुद्राची नाडी ओळखणारा सरखेल : कान्होजी आंग्रे

वऱ्हाडातील माणसाला समुद्र तसा दूरचाच. अकोल्याहून किंवा अमरावतीहून किनारा गाठायचा, तर सह्याद्री ओलांडून सहाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. साहजिकच या भागाला ठाऊक असलेला मराठ्यांचा इतिहास हा घोड्यांच्या टापांचा, गढ्यांचा आणि मैदानी लढायांचा आहे. १७२० च्या ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ निजामाने आलम अलीखानाचा पराभव केला. १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याला निजाम आणि मुबारिजखान यांची निर्णायक लढाई झाली. या दोन लढायांनी दख्खनचे राजकारण पालटले, हे येथे शाळेतील मुलांनाही सांगितले जाते. मात्र याच दोन वर्षांत, १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी, कोकणातील विजयदुर्गावर आरमार धाडले होते आणि दोघांनाही हात हलवीत परतावे लागले होते, याची आठवण क्वचितच काढली जाते. त्या दोन्ही वेळी मराठ्यांचा समुद्र ज्याच्या ताब्यात होता, तो पुरुष म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे. ४ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन.

कान्होजींचे नाव सर्वांना परिचित आहे. नौदलाचा मुंबईतील तळ 'आयएनएस आंग्रे' या नावाने ओळखला जातो. परंतु बलाढ्य युरोपीय जहाजांपुढे त्यांचा टिकाव कसा लागला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा शौर्य या एकाच शब्दात दिले जाते. शौर्य होतेच, पण ते उत्तर अपुरे आहे. कान्होजींच्या यशाचे रहस्य किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या सूक्ष्म ज्ञानात दडलेले होते. उथळ तळाची नौका, निष्णात वल्हेकरी, भरती-ओहोटीची वेळ आणि वाऱ्याचा मोहरा या चार गोष्टींवर त्यांनी राज्य उभे केले.

सुवर्णदुर्गाच्या पाण्यात

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झाले. कान्होजींचे वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा मानला जातो. त्यांचे बालपण आणि तारुण्य हर्णै बंदरासमोरील सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले.

हर्णैचा किनारा म्हणजे दर्यावर्दी जीवनाची पाठशाळाच. कोळी, भंडारी, खारवी आणि गाबीत या समाजांतील पोरे पायात चप्पल येण्याआधी होडीत बसायला शिकत. कोणत्या खडकावर लाट कशी फुटते, पाण्याचा रंग बदलला की तळाशी वाळू आहे की खडक, ढग कोणत्या दिशेला दाटले की होडी आत घ्यावी, हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. ते तांडेलाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जात असे. पुढे कान्होजींच्या आरमाराचा कणा याच समाजांतील खलाशांनी बनलेला होता.

कान्होजींचे नाव प्रथम गाजले ते सुवर्णदुर्गाच्या वेढ्यात. छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळात जंजिऱ्याच्या सिद्दीने या किल्ल्याला वेढा घातला. परंपरा असे सांगते की, किल्लेदाराचे मन डळमळले आणि तो शत्रूला फितूर होऊ लागला. तेव्हा तरुण कान्होजींनी सोबत्यांच्या साह्याने त्यालाच कैद केले आणि किल्ल्याची सूत्रे हाती घेतली. पुढे बाहेर पडून केलेल्या एका छाप्यात ते स्वतः सिद्दीच्या हाती सापडले; पण पहारेकऱ्यांची नजर चुकवून त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहत किल्ला गाठला. पावसाळा जवळ येईपर्यंत किल्ला लढत राहिला आणि अखेर सिद्दीला वेढा उठवावा लागला. या कथेत दंतकथेचा अंश किती, हे आज सांगणे कठीण आहे. मात्र किल्ला आणि किनारा यांमधील ते पाणी पाहिले म्हणजे ही कथा तेथील लोकांना खरी का वाटते, हे कळते. अंतर फार नाही. पण ओढ जोराची आहे आणि खडक जागोजागी आहेत. ज्याला पाण्याची दिशा ठाऊक आहे, त्यालाच ते पार करता येते.

शिवकालाचा वारसा

कान्होजींना जे आरमार मिळाले त्यामागे शिवाजी महाराजांची दूरदृष्टी होती. महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला, विजयदुर्ग बळकट केला आणि १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची नाकेबंदी करण्याचा प्रयत्न केला. परंतु मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून सरकत आणि माणसे, दाणागोटा व बांधकामाचे साहित्य बेटावर पोहोचवून पहाटेपूर्वी नागावच्या खाडीत परतत. मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग करता येत नसे. कारण जेथे होडी सहज तरंगते, तेथे जहाज तळाला टेकते. खांदेरीचे काम थांबले नाही. शेजारच्या उंदेरीवर मात्र सिद्दीने ठाणे वसवले आणि पुढे कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली.

खांदेरीच्या या प्रसंगाने एक धडा घालून दिला. खुल्या समुद्रात युरोपीय जहाजाशी समोरासमोर तोफांची झुंज घेण्यात अर्थ नव्हता. त्यांची जहाजे उंच, मजबूत आणि लांब पल्ल्याच्या जड तोफांनी सज्ज होती. पण तीच जहाजे किनाऱ्यालगतच्या अरुंद, उथळ आणि खडकाळ पाण्यात आंधळी होत. लढाई आपल्या पाण्यात घडवून आणायची, हे सूत्र कान्होजींनी आयुष्यभर पाळले.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सिधोजी गुजर यांच्यानंतर आरमाराची मुखत्यारी कान्होजींकडे आली आणि त्यांना सरखेल हा किताब मिळाला. देशावर औरंगजेबाच्या फौजा एकामागून एक किल्ले घेत असताना कोकण किनारा मात्र कान्होजींनी सांभाळला. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे त्यांच्या सत्तेचे चार खांब ठरले.

गुराब आणि गलबत

कान्होजींच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारच्या नौका होत्या. गुराब ही मोठी लढाऊ नौका. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तिची नाळ पुढे लांब निघालेली आणि खालच्या अंगाला उतरती असे. नाळेच्या बाजूने थेट पुढे मारा करता येईल, अशा तऱ्हेने तोफा बसवलेल्या असत. आकाराच्या मानाने गुराब पाण्यात फार खोल जात नसे.

दुसरी नौका गलबत. हे गुराबेपेक्षा बरेच लहान आणि हलके. त्याला दोन डोलकाठ्या असत. पण त्याचे खरे बळ वल्ह्यांत होते. मोठ्या गलबताला चाळीस ते पन्नास वल्ही असत. वारा पडला तरी गलबत थांबत नसे. शिडांवर विसंबलेले युरोपीय जहाज निवांत हवेत जागच्या जागी डोलत राही आणि अशा वेळी वल्ह्यांची नौका हवी त्या दिशेने जाऊ शके. लढाईचे सारे गणित या एका फरकावर उभे होते.

हल्ल्याची पद्धत ठरलेली होती. शत्रूचे जहाज दिसले की गलबते खाडीतून बाहेर पडत. वारा नसेल तर ती गुराबांना दोर लावून ओढत नेत. कधीही जहाजाच्या बाजूने जायचे नाही. कारण तोफांची रांग तेथे असते. जायचे ते पिछाडीने, जेथे शत्रूच्या तोफा सर्वांत कमी असतात. गुराबांनी पिछाडीला राहून शिडे, दोर आणि डोलकाठ्यांवर मारा करायचा. जहाज पंगू झाले की गलबतांनी चहूबाजूंनी भिडायचे आणि हातात तलवार घेऊन वर चढायचे. प्रतिकार फारच तिखट झाला तर वल्ही मारीत उथळ पाण्यात माघार घ्यायची. त्या माघारीत कोणाला कमीपणा वाटत नसे.

या पद्धतीसाठी वाऱ्याचे आणि पाण्याचे वेळापत्रक तोंडपाठ असावे लागे. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवस चढला की तो पडतो आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो. पहाटेच्या मतलईवर खाडीबाहेर पडायचे, मधल्या शांत वेळेत वल्ह्यांच्या बळावर शत्रूला गाठायचे आणि दुपारच्या वाऱ्यावर घरी परतायचे, असा हा क्रम होता. त्याला भरती-ओहोटीची जोड असे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जे खडक पाण्याखाली जातात, तेच भांगाच्या दिवसांत होडीचा तळ फाडू शकतात. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. तो ओलांडण्याची वेळ चुकली तर नौका लाटांत आडवी होते.

आज जगभर कयाकसारख्या निमुळत्या, वल्ह्याने चालवायच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने समुद्रभ्रमण करण्याचा साहसी क्रीडाप्रकार लोकप्रिय आहे. त्यात शिकवले जाणारे पहिले धडे याच गोष्टींचे असतात. भरतीची वेळ पाहा, वारा कोणत्या वेळी फिरतो ते लक्षात ठेवा, लाटा फुटतात त्या पट्ट्यातून बाहेर पडण्याची आणि परत येण्याची जागा आधी हेरा, आणि निघू नये अशा दिवशी निघू नका. कान्होजींच्या खलाशांना हे शिक्षण वेगळे घ्यावे लागत नव्हते. त्यांचे पोट त्यावर अवलंबून होते.

दस्तक आणि चाचेगिरीचा आरोप

इंग्रजी ग्रंथांनी कान्होजींना दीर्घकाळ चाचा म्हणून रंगवले. या आरोपामागील वाद समजून घेण्यासारखा आहे. पोर्तुगीज हिंदी महासागरात आले तेव्हापासून परवान्याशिवाय कोणी व्यापार करू नये, असा दंडक त्यांनी घातला होता. इंग्रज आणि सिद्दी हेही आपापले परवाने देत. कान्होजींनी एवढेच केले की, कोकणच्या समुद्रावर छत्रपतींचा अधिकार आहे, असे मानून आपला दस्तक सुरू केला. दस्तक नसलेले जहाज ते पकडत. इंग्रज कंपनी आपल्या आश्रयाखालील सर्वच व्यापाऱ्यांच्या जहाजांना आपले निशाण देऊन सूट मागत असे. कान्होजी ती मान्य करीत नसत. संघर्षाचे मूळ येथे होते.

मुंबईच्या गव्हर्नरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ते दबलेले दिसत नाहीत. दुसऱ्याचे बळकावण्याच्या हव्यासापासून व्यापारीही मुक्त नसतात, अशा आशयाचा टोला त्यांनी कंपनीला लगावला होता.

अर्थात या सत्तेची झळ केवळ परकीयांनाच लागली, असे नाही. पकडल्या गेलेल्या जहाजांवर हिंदी व्यापाऱ्यांचा माल असे आणि हिंदी खलाशीही असत. त्यांच्या दृष्टीने आंग्र्यांचे गलबत म्हणजे संकटच होते. १७१२ मध्ये कारवारहून मुंबईकडे येताना गव्हर्नर एसलाबी यांची सशस्त्र नौका आंग्र्यांच्या हाती पडली. त्या झुंजीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. खंडणी घेऊन तिची सुटका करण्यात आली आणि १७१३ मध्ये कान्होजी व कंपनी यांच्यात तह झाला. हा तह फार काळ टिकला नाही.

शाहू महाराजांशी समेट

समुद्रावर कान्होजींचा अंमल बसत असतानाच देशावर छत्रपतींच्या घराण्यात दुही माजली होती. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराजांची सुटका झाली. त्यांना सर्वप्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत वऱ्हाडचे परसोजी भोसले हे प्रमुख होते. कान्होजी आंग्रे मात्र महाराणी ताराबाईंच्या पक्षात राहिले. एकाच राज्याची दोन टोके, वऱ्हाड आणि कोकण, अशा रीतीने परस्परविरोधी गोटांत होती. परसोजींनंतर त्यांचे पुत्र कान्होजी भोसले यांनी यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथून वऱ्हाडचा कारभार पाहिला. एकाच काळात, एकाच नावाचे दोन मातब्बर सरदार मराठेशाहीच्या दोन सीमा सांभाळत होते, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना आंग्र्यांवर पाठवले. पण कान्होजींनी त्यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. सातारा धोक्यात आल्यासारखी स्थिती निर्माण झाली. अशा वेळी १७१३ च्या नोव्हेंबरमध्ये पेशवेपदावर आलेल्या बाळाजी विश्वनाथांनी लढाईऐवजी वाटाघाटींचा मार्ग धरला. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीचा जाच काय असतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. दोघे किनाऱ्याची भाषा बोलणारे होते. १७१४ च्या प्रारंभी समेट झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती म्हणून मान्यता दिली, बहिरोपंतांना मुक्त केले आणि सरखेलपद व आपले सागरी किल्ले कायम राखले. सिद्दीविरुद्ध त्यांना सातारच्या फौजेचे पाठबळ मिळाले.

या समेटाचे महत्त्व पुढच्या दशकात दिसून आले. समुद्रावर गलबते आणि जमिनीवर घोडदळ अशी जोडी जमली आणि तिच्यापुढे परकीयांचे काही चालेना.

चार मोहिमा, चार पराभव

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. आंग्र्यांचा बीमोड करायचाच, या निश्चयाने त्याने मुंबईची तटबंदी उभारली आणि नव्या लढाऊ जहाजांची बांधणी सुरू केली. १७१७ मध्ये त्याचे आरमार विजयदुर्गावर गेले. वाघोटण नदीच्या मुखाशी असलेला हा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला होता. आंग्र्यांची जहाजे खाडीत आत, किल्ल्याच्या आडोशाला सुरक्षित असत. इंग्रजांच्या तोफगोळ्यांचा भक्कम तटावर परिणाम झाला नाही आणि उतरवलेल्या सैनिकांच्या शिड्याही तोकड्या पडल्या. मोहीम फसली.

१७१८ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द बूनच्या देखरेखीखाली खांदेरीवर हल्ला झाला. मुंबईपासून जवळ असलेले हे बेट सहज हाती येईल, अशी अपेक्षा होती. पण खांदेरीला उतरण्याजोगी जागा थोडकी आणि भोवताली खडक. लाटांवर हेलकावणाऱ्या होड्यांतून सैनिक उतरवणे हेच मुळी कठीण काम होते. किल्ल्यातून होणाऱ्या माऱ्यापुढे इंग्रजांना माघार घ्यावी लागली.

दोन पराभवांनंतर इंग्रजांना उथळ पाण्याचे महत्त्व पटले असावे. त्यांनी सपाट तळाची, उथळ पाण्यातही चालेल अशी एक तरंगती तोफखाना-नौका बांधली. तिला फ्राम असे नाव होते आणि तिच्यावर जड तोफा चढवल्या होत्या. १७२० मध्ये ती विजयदुर्गासमोर नेण्यात आली. पण केवळ तळ सपाट केल्याने किनाऱ्याचे ज्ञान येत नाही. बोजड फ्राम वेळेवर हवी तशी वळेना, तिचा मारा परिणामकारक होईना. किल्ला अभेद्यच राहिला. याच वर्षी इकडे वऱ्हाडात बाळापूरच्या रणभूमीवर शाहू महाराजांच्या फौजा आलम अलीखानाच्या बाजूने लढून पराभूत झाल्या होत्या. देशावर फटका बसला तरी समुद्राची बाजू मात्र शाबूत राहिली.

सर्वांत मोठे संकट १७२१ मध्ये आले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज हा राजाच्या आरमारातील युद्धनौका घेऊन मुंबईत दाखल झाला आणि इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर चाल करण्याचे ठरवले. डिसेंबरमध्ये समुद्रावर जहाजे आणि जमिनीवर दोन्ही सत्तांचे सैन्य अशी तयारी झाली. कान्होजींनी शाहू महाराजांकडे मदत मागितली. पिलाजी जाधव आणि तरुण पेशवे बाजीराव यांच्या फौजा घाट उतरून आल्या. कुलाब्याचा किल्ला भरतीला बेट आणि ओहोटीला जमीन, असा दुहेरी स्वभावाचा. त्याच्या तटाखाली इंग्रजांचा हल्ला मोडला आणि मराठी घोडदळापुढे पोर्तुगीज पथके हटली. मॅथ्यूज स्वतः जखमी झाला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांना दोष देत राहिले आणि १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला.

त्यानंतर १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर आपले बळ आजमावून पाहिले. तेही निष्फळ ठरले. सात-आठ वर्षांच्या अवधीत युरोपातील तीन दर्यावर्दी सत्तांना एकाच किनाऱ्यावर, एकाच माणसाकडून अपयश पाहावे लागले.

घडण आणि शिस्त

हे सातत्य केवळ धाडसाने आले नव्हते. विजयदुर्गाच्या खाडीत, शत्रूच्या नजरेआड, खडक फोडून तयार केलेली गोदी होती. तेथे जहाजे भरतीला आत घेऊन ओहोटीला कोरडी करता येत आणि त्यांची डागडुजी होई. नौकांसाठी सागवान लागे आणि ते सह्याद्रीच्या रानांतून खाड्यांमार्गे खाली येई. किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी भिंत असल्याचे आढळले असून, तिच्याविषयी अभ्यासकांत आजही कुतूहल आहे.

जून ते ऑगस्ट समुद्र बंद असे. नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्याचे दिवस सुरू होत. कान्होजींच्या आरमारानेही हा नेम मोडला नाही. समुद्र नको म्हणतो तेव्हा थांबायचे, ही त्यांच्या युद्धशास्त्रातील महत्त्वाची बाब होती. युरोपीय मोहिमांना मात्र अनेकदा हवामानाशी आणि अनोळखी किनाऱ्याशी एकाच वेळी झगडावे लागले.

कान्होजी धर्मनिष्ठ होते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींवर त्यांची श्रद्धा होती. १७२७ मध्ये सिद्दीच्या माणसांनी चिपळूणजवळील परशुराम क्षेत्राची विटंबना केली, तेव्हा स्वामींच्या मनाला मोठा धक्का बसला. सिद्दीचा प्रश्न कायमचा सोडवण्याची संधी मात्र कान्होजींना आयुष्यात लाभली नाही.

अस्त आणि दुही

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. ऐन पावसाळ्याचे, समुद्र बंद असण्याचे ते दिवस होते. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

त्यांच्या मागे सहा पुत्र होते. थोरले सेखोजी यांनी वडिलांची गादी समर्थपणे चालवली. पण १७३३ मध्ये तेही निवर्तले आणि भावाभावांत कलह पेटला. संभाजी आणि मानाजी यांच्यात तलवारी उपसल्या गेल्या. १७३५ मध्ये बाजीरावांनी दोघांत वाटणी करून दिली. मानाजी कुलाब्याला आणि संभाजी विजयदुर्गाला, असे आरमार दुभंगले. ब्रह्मेंद्रस्वामींनी केलेला समजावणीचा प्रयत्नही व्यर्थ गेला. परकीय शत्रूला चार मोहिमांत जे साधले नव्हते, ते या घरच्या भांडणाने साधले.

संभाजींनंतर तुळाजी आंग्रे विजयदुर्गाचे धनी झाले. ते शूर होते. पण पेशव्यांशी त्यांचे पटले नाही. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी यांनी बांधलेली गाठ त्यांच्या वारसांच्या काळात सुटली. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. बंदरात एकत्र उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या नौकांना आग लागली आणि ती एका नौकेवरून दुसरीवर पसरत गेली. कान्होजींनी उभारलेल्या आरमाराचा मोठा भाग आपल्याच बंदरात, नांगर टाकलेल्या अवस्थेत जळून गेला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले आणि कैदेतच वारले.

ज्या गलबतांचे सारे बळ हालचालीत होते, ती एका जागी अडकल्यावर निरुपयोगी ठरली. समुद्राकडून येणाऱ्या आक्रमणाला तोंड देणारी मोठी देशी सत्ता पश्चिम किनाऱ्यावर उरली नाही. पुढील वर्षी प्लासीची लढाई झाली.

आजचे स्मरण

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, मुंबईतील नौदल तळाला आंग्रे यांचे नाव देण्यात आले. खांदेरीवरील दीपगृहही आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि लोहगड हे चार किल्ले कान्होजींच्या चरित्राशी थेट निगडित आहेत.

वऱ्हाडातून अलिबागला सहलीला जाणारे अनेक जण ओहोटी पाहून कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जातात. परतीची वेळ आधी विचारून घ्या, असे तेथील स्थानिक मंडळी आवर्जून सांगतात. कारण भरती चढली की गुडघाभर पाणी पाहता पाहता छातीपर्यंत येते आणि मग होडीशिवाय किनारा गाठता येत नाही. तीन शतकांपूर्वी याच पाण्यासमोर इंग्रज आणि पोर्तुगिजांच्या सैन्याने तळ दिला होता. त्यांच्याकडे तोफा होत्या, दारूगोळा होता, जहाजे होती. पाणी केव्हा चढते आणि केव्हा ओसरते, हे मात्र कान्होजींच्या माणसांना त्यांच्यापेक्षा अधिक ठाऊक होते.